गोळ्यांच्या जागी ताडी

तलासरीच्या त्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी प्रश्न अगदी साधा विचारला होता. "आधी काय सुरू झालं? दारू, की झोप उडणं, बडबड, मग महिनाभर पडून राहणं, हे सगळं?"

आत खाटेवर माझा धाकटा भाऊ होता. हात-पाय पट्ट्यांनी खाटेला बांधलेले, डोळे छतावर. बाहेर बाकावर आम्ही तिघं. मी, आई आणि त्याची बायको. प्रश्न आला तशा दोघींनी माझ्याकडे बघितलं, कारण आमच्या घरात बाहेरच्या माणसाशी बोलायचं काम माझं.

"दारू," मी म्हणालो.

"नक्की? त्याआधी कधी मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या?"

"नाही."

डॉक्टर बाई मान हलवून आत गेल्या. भावाची बायको पदराने तोंड पुसत जमिनीकडे बघत राहिली. मी खोटं बोललो होतो. नुसत्या डॉक्टरांशी नाही, तिच्याशीही. आणि डॉक्टरांपेक्षा तिच्याशी फार आधीपासून.

माझं वय आता पन्नाशीच्या पुढे आहे. मी कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो. लोक त्याला शांतपणा म्हणतात. त्यातला किती शांतपणा होता आणि किती लपवाछपवी, ते आता सांगतो.

आमची चिकूची वाडी डहाणूजवळ मसोलीच्या अंगाला आहे. मोठी नाही. वडील लवकर गेले, वाडी मी बघायला लागलो. भाऊ डहाणूला कॉलेजात होता तेव्हा पहिल्यांदा बिघडला. झोपेनाच. रात्रंदिवस बोलायचा, आमचे चिकू विमानाने दुबईला कसे जाणार ते सांगायचा, दिसेल त्या माणसाला भागीदार करायचा. भाजीवाल्या मावशीलाही केलं. ती हसून म्हणाली, "मला दुबईचं तिकीट दे रे बाबा, चिकू तुझे तूच ठेव." आम्हीही हसलो. मग एके दिवशी तो जो आडवा झाला तो उठेच ना. भिंतीकडे तोंड करून रडायचा. जेवण पुढे ठेवलं तसं सुकायचं.

मी त्याला वापीला नेलं. डहाणूत नाही, पालघरला नाही. राज्याची हद्द ओलांडून गेलं की ओळखीचं कोणी भेटत नाही, हा हिशेब. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, दोन टोकांचा आजार आहे म्हणाले. कधी माणूस वर जातो, कधी खाली. गोळ्या कायमच्या घ्याव्या लागतील, डायबेटीसवाले घेतात तशा. आईला मी घरी येऊन सांगितलं, मेंदूला ताकदीच्या गोळ्या आहेत. आईने जास्त विचारलं नाही. गोळ्यांनी तो बरा झाला. खरंच बरा झाला. जेवायचा, झोपायचा, टीव्ही बघायचा. पण जरा मंद झाला, अंगाने सुटला, आणि हात किंचित थरथरायचे.

हाताचं ते थरथरणं आमच्या धंद्यात चालत नाही. चिकू जाळी लावलेल्या लांब काठीने उतरवायचा असतो. फळ देठाशी अलगद तुटून जाळीत यायला पाहिजे. खाली पडलं की आतून ठेचतं, वरून दिसत नाही, आणि दिल्लीला पोचेपर्यंत शेजारची दहा फळं नासवतं. भावाच्या काठीखाली फळं टपटप पडायची. तोडणीवाले बाप्ये गालात हसायचे. एक जण म्हणायचा, "धाकटे शेठ, झाडाखाली गादी टाकू काय?"

त्या हिवाळ्यात झाडं वाकली होती आणि माणसं मिळत नव्हती. सायवनकडून तोडणीला येणारी नेहमीची माणसं वीटभट्टीवर गेली होती. मी भावाला वाडीत बाजूला घेतलं.

"सीझनपुरत्या गोळ्या बंद ठेव," मी म्हणालो.

"डॉक्टर म्हणालेत ना भाई, एक दिवसपण सोडायच्या नाहीत."

"डॉक्टरला चिकू तोडायचेत काय?"

तो हसला. माझं म्हणणं त्याने आयुष्यात कधी मोडलं नव्हतं. गोळ्या मी त्याच्या हातातून घेतल्या आणि पंपाच्या खोलीत माळ्यावर ठेवल्या. त्या परत खाली आल्याच नाहीत.

थोड्या दिवसांत हात थरथरायचे थांबले. मग तो चढत गेला. उजाडायच्या आधी काठी घेऊन झाडाखाली, दुपारी जेवायला बसायचा नाही, तीन माणसांचं काम एकटा करायचा. गाणी म्हणायचा, मजुरांना चिडवायचा, सगळ्यांना हसत ठेवायचा. शेजारच्या वाडीवाले बघायला यायचे. मला दिसत होतं. तेच डोळे, तेच भराभर बोलणं, दुबईच्या वेळचं. आणि मी काय केलं, तर त्याच्या जोरावर आणखी दोन वाड्यांची तोडणी मक्त्याने घेतली. आमच्याकडे माणूस बरा की आजारी, हे तो तोडणीला उभा राहतो की नाही त्यावर ठरतं. त्या मापाने तो इतका बरा कधीच नव्हता.

फक्त झोपायचा नाही. त्यावर उपाय मीच काढला. ताडी.

आमच्या भागात ताडीला कोणी दारू म्हणत नाही. पहाटे झाडावरून उतरलेली ताडी गोड असते, पोटाला थंड असते, पोरासोरांना पण देतात. तीच दुपारपर्यंत आंबते आणि चढायला लागते, पण ते कोण मोजतं. मी स्वतः मडकं घेऊन आलो आणि त्याला पहिला पेला भरून दिला. "घे, सकाळची आहे, गोड आहे. अंग सैल पडेल." तो प्यायला आणि झोपला. मला बरं वाटलं. गोळ्यांच्या जागी ताडी मी लावली. दुसऱ्या कोणी नाही.

त्याच दिवसांत तलासरीकडचे पाहुणे मुलगा बघायला आले. डोंगराकडच्या पाड्यातलं भातशेतीवालं साधं घर. मुलीच्या काकांनी भावाला झाडाखाली काम करताना बघितलं आणि तिथल्या तिथे म्हणाले, "पोरगा वाघ आहे वाघ." मी चहा पुढे केला. वापीचं बोललो नाही. सांगितलं असतं तर ते उठून गेले असते, असं मी तेव्हा मनाला समजावलं. खरं कारण एवढंच होतं की असं घरातलं बाहेर सांगायची मला सवय नव्हती.

लग्न झालं आणि पावसाळ्याच्या आत तो खाली आला. या वेळी भिंतीकडे तोंड करून पडला नाही, कारण आता त्याच्याकडे पेला होता. सकाळची गोड, मग दुपारची आंबट, मग गुत्त्यावरची, मग दमणहून चोरून येणारी. मन उदास झालं की प्यायचा, आणि प्यायला की आणखी उदास व्हायचा. मधे कधी वर जायचा तेव्हा तर दोन्ही एकदम. पिऊन रात्रभर गावात फिरायचा, भांडणं उकरायचा. त्याची उमेदीची वर्षं अशी गेली. गाव म्हणायचं, बेवडा झाला. आई म्हणायची, "ही घरात आली आणि माझा पोरगा बाटलीला लागला. हिचा पायगुण." तिच्या तोंडावर म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची, हळदीकुंकवाला म्हणायची. ती ऐकून घ्यायची. मी तिथेच बसलेला असायचो. पेपर वाचायचो.

मधे व्यसन सोडवायच्या एका केंद्रात त्याला ठेवलं होतं. तिथे दारू सुटली, पण तो बोलेना, जेवेना, तेव्हा त्यांनी घरी पाठवला. म्हणाले, हा डोक्याचा विषय आहे, आमचा नाही. मग एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तर तिथे म्हणाले, आधी दारू बंद करून आणा, मग डोक्याचं बघू. अशा दोन दारांमध्ये आम्ही फिरत राहिलो. मी एकदा जरी तोंड उघडून सुरुवात कुठून झाली ते सांगितलं असतं, तर कदाचित एखादं दार उघडलं असतं. केंद्रातून परत आला त्या दिवशी आईने त्याला काय दिलं? पहाटेची ताडी. "तिकडे सुकला पोरगा, थंडावा लागेल." मी काही बोललो नाही.

शेवटी आईने शपथेचं काढलं. आम्ही त्याला आमच्या डहाणूच्या महालक्ष्मीला नेलं. देवीसमोर त्याच्याकडून नारळावर हात ठेवून वदवून घेतलं, आजपासून थेंब नाही, ताडीसुद्धा नाही. त्याने मनापासून शपथ घेतली. मसोलीत ओळखीचे गुत्ते, म्हणून तिथूनच थेट त्याला सासुरवाडीला, तलासरीकडच्या पाड्यावर घेऊन गेलो. आई आणि मीही राहिलो.

इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात सगळं बंद केलं तर काय होतं, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो थरथर कापायला लागला. जेवण उलटून पडायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात उभा राहिला आणि समोर कोणी नसताना बोलायला लागला. अंगाला झटके, घामाने शर्ट चिकटलेला, नजर आमच्या पलीकडे. पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, "वारं आलं. देवी आली." वारं येणं, म्हणजे अंगात येणं, तिथे घराघरात बघितलेलं आहे. आणि हा तर देवीसमोर शपथ घेऊन आलेला.

कुणीतरी कुंकू लावलं. कुणी नारळ ठेवला. माणसं जमली. भावाच्या बायकोच्या काकांची म्हैस दोन दिवस सापडत नव्हती, त्यांनी हात जोडून विचारलं, "म्हस कुठं हाय, सांगा माय."

"पाण्यात," भाऊ म्हणाला. "पाण्यात आहे. मुंग्या आहेत, सगळीकडे मुंग्या. माझ्या पण अंगावर आहेत, काढा ना."

"पाण्यात," काका मागे वळून सांगायला लागले. दोन जण बंधाऱ्याकडे पळाले. एका बाईने आपल्या सुनेला मूल कधी होईल ते त्याला विचारलं. भाऊ अंगावरून न दिसणाऱ्या मुंग्या झाडत होता आणि माझ्याकडे बघून म्हणत होता, "भाई, काढ ना. भाई." मी हात जोडून उभा होतो. मी शिकलेला माणूस, वापीच्या डॉक्टरांसमोर बसून आलेला. तरी उभा होतो. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी हायसं वाटलं. देवी असेल तर मग आजार नाही, आणि आजार नाही तर माझाही दोष नाही.

मग तो आडवा पडला आणि त्याला फिट आली. तोंडातून फेस, डोळे पांढरे. त्याच्या बायकोने नारळ-बिरळ सगळं लाथेने बाजूला केलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्यावर ओरडली, "भाऊजी, गाडी बघा. बघता काय?" म्हैस बंधाऱ्यात नव्हती. ती संध्याकाळी आपली आपण आली, असं नंतर कळलं.

तर तो दवाखान्यातला बाक. डॉक्टर बाई आत गेल्यावर मी तिथे बसून होतो. थोड्या वेळाने त्या परत आल्या. म्हणाल्या, "नुसतं दारूचं असेल तर धोका टळल्यावर व्यसनमुक्तीला पाठवते. पण मला तसं वाटत नाही. हा माणूस काही दिवसांनी परत पिणार, कारण तो ज्यासाठी पितो ते आत तसंच राहणार. दोन्हीवर एकदम औषध करावं लागेल. पण कुठलं औषध, ते मला पूर्वीचं कळल्याशिवाय ठरवता येत नाही. चुकीचं दिलं तर तो आणखी वर जाईल. घरात नक्की कोणालाच काही माहीत नाही?"

आई म्हणाली, "कायपण नव्हतं हो. लग्नाआधी वाघ होता."

भावाची बायको म्हणाली, "मी आल्यापासून पितात. आधीचं मला माहीत नाही. सगळे म्हणतात, माझ्यामुळंच."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. डॉक्टरांना उपयोगी पडेल अशी माहिती म्हणून सांगितलं. तिने ते खरं मानलं होतं. तेव्हा मला कळलं की मी गप्प राहून काय केलं आहे.

मी सांगितलं. वापी, आजाराचं नाव, गोळ्या, सीझन, माळा, पहिला पेला. नीट सांगता आलं नाही. मागचं पुढे, पुढचं मागे झालं. आई मधेच म्हणाली, "आरं, काय बोलतोस, कुठं बसलोय आपण," आणि माझा दंड धरला. मी बोलत राहिलो. डॉक्टर बाईंनी मला एकदाच थांबवलं. गोळ्या बंद केल्यावर किती लवकर वर गेला ते विचारलं. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आत गेल्या. भावाची बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं नव्हतं."

"नाही."

"तुम्हाला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं."

"हो."

"आणि आई बोलायच्या तेव्हा तुम्ही तिथंच असायचात."

ती उठून आत त्याच्याजवळ गेली.

ज्या गोळीवर तो पूर्वी बरा झाला होता ती आता देता येत नाही. दारूने लिव्हर खराब झालंय. डॉक्टर बाईंनी दुसरी सुरू केली, हळूहळू वाढवत नेली. दारूची ओढ कमी करायला वेगळं औषध आहे, तेही त्यांच्याकडेच. त्यांच्याशी बोलायला बसायचं ते वेगळं, आणि बायकोलाही सोबत बसवतात. सगळं एका ठिकाणी, एका माणसाकडे. एवढीशी गोष्ट, पण ती मिळायला इतकी वर्षं गेली. त्यातली बरीच माझ्यामुळे.

दवाखान्यातून तिने त्याला मसोलीला आणला नाही. माहेरी घेऊन गेली. "वाडीत नको," एवढंच म्हणाली. ती भातलावणीला, बांधावरच्या कामाला मजुरीने जाते, तो घरी असतो, कोंबड्या बघतो. विसरतो फार. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला सकाळची म्हणून ताडी दिली आणि तो आठवडाभर पीत राहिला. मला वाटलं, आता डॉक्टर म्हणतील, आणू नका परत. त्यांनी विचारलं, गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, घसरण्याआधी चार दिवस मन कसं होतं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "त्या रागावल्याच नाहीत भाई." त्याला ते खरं वाटत नव्हतं.

पुढे डहाणूला आमच्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी मांडवात बायका बसल्या होत्या. आत्या आईला म्हणाली, "धाकटा दिसत नाही?" आई म्हणाली, "तो कुठला येतो. ती घेऊन बसलीय माहेरी. आली तेव्हाच समजलेलं मला, पाऊल चांगलं नव्हतं." दोन-तीन जणींनी चुकचुक केली. मी पानसुपारीचं ताट घेऊन उभा होतो. ताट खाली ठेवलं.

"आत्या, त्याला लग्नाच्या आधीपासून मनाचा आजार आहे," मी म्हणालो. "त्याच्या गोळ्या मी बंद केल्या. ताडी मी दिली. तिचा काही संबंध नाही. तिला आम्ही फसवून आणली."

मांडवात स्पीकर चालू होता, पण जेवढ्यांना ऐकू जायला हवं होतं तेवढ्यांना गेलं. आत्या म्हणाली, "चला, जेवून घ्या सगळे." आई माझ्याशी त्या दिवसापासून बोलत नाही. ताट वाढते, भाजी हवी का विचारत नाही. माझ्या मुलीचं लग्न आता जमणार नाही असं तिने माझ्या बायकोला सांगितलं. खरंही असेल. मुलीला मी विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा, आता बोलून झालंय ना. मग बघू."

गोष्ट तलासरीला पोचायला वेळ लागला नाही. भावाच्या बायकोचा फोन आला. आम्ही एकमेकांना फोन करत नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

मी वाट बघितली. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"शुक्रवारी यांना डॉक्टरकडे न्यायचंय. लावणी चालू आहे, मी गेले तर माझी मजुरी पडेल. तुम्ही न्याल काय?"

"नेतो."

"गोळ्या मी पिशवीत देते. यांच्या हातात द्यायच्या नाहीत, तुमच्याकडेच ठेवा. आणि डॉक्टरांनी काही विचारलं तर..." ती थांबली.

"सांगतो," मी म्हणालो. "जे असेल ते सांगतो."

"हां," ती म्हणाली, आणि किती वाजता यायचं ते सांगून तिने फोन ठेवला.